पक्ष्यांचे फोटो आणि आडवा येणारा उजेड

पाणथळ

पक्ष्यांच्या फोटोंविषयीच्या गप्पा बहुतेक वेळा लेन्सवर येऊन अडकतात. माझ्या मते फोटो साधतो की वाया जातो, हे लेन्सपेक्षा उजेड कसा हाताळला यावर जास्त ठरतं. आणि हवा तसा उजेड पक्षी क्वचितच देतो. भर दुपारी पांढऱ्या आभाळासमोरच्या वठलेल्या फांदीवर बसेल, नाहीतर उजाडायच्या आत काटेरी जाळीत शिरेल. म्हणून हा धागा. अवघड उजेडात तुम्ही नेमकं काय करता, ते लिहा.

सुरुवात मीटरपासून करतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतल्या सगळ्या उजेडाचा हिशेब करतो आणि तो मधल्या करड्या छटेवर आणून ठेवतो. फोकस जिथे आहे त्या जागेला नव्या कॅमेऱ्यांत थोडं झुकतं माप मिळतं, पण मूळ हिशेब तोच. काळपट पाण्यासमोर बगळा उभा असला की चौकटीत पाणीच जास्त असतं. मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, वाढवतो आणि बगळा जळून जातो, नुसता पांढराफटक उरतो. तोच बगळा उडून ढगाळ आभाळासमोर गेला की उलटं होतं. आता चौकट उजळ, म्हणून मीटर एक्स्पोजर कमी करतो आणि पांढरा पक्षी राखाडी दिसायला लागतो. यावर उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात हाताने केलेली दुरुस्ती. ती स्टॉपमध्ये मोजतात; एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. पहिल्या वेळी मी −२/३ ते −१ १/३ ठेवतो, दुसऱ्या वेळी +१ पासून +२ पर्यंत जातो.

या उदाहरणात बगळ्यावरचं ऊन तसूभरही बदललेलं नाही. बदलली ती फक्त पार्श्वभूमी. म्हणून ऊन स्थिर असेल तर मी सरळ मॅन्युअलवर जातो: पक्ष्याला लागणारं एक्स्पोजर एकदा ठरवायचं, मग तो पाण्यासमोर असो की झाडीसमोर, आकडे हलवायचे नाहीत. स्वच्छ, वर आलेल्या उन्हासाठी जुना नियम आजही चालतो. एफ/१६ ला (हे अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, हा आयएसओचा (फोटो किती उजळवायचा त्याचा आकडा) उलटा आकडा. आयएसओ ८०० असेल तर एफ/८ ला १/३२००. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्याहून एक स्टॉप कमी, म्हणजे तेच शटर ठेवून आयएसओ ४००.

माझी कसोटी एकच आहे. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर तंतूंसारखी लांब पिसं येतात. पडद्यावर फोटो मोठा करून बघतो. ती पिसं एकेक सुटी दिसली तर एक्स्पोजर बरोबर. त्यांचा एकच पांढरा पट्टा झाला असेल तर तिथली माहितीच गेलेली असते, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ती परत येत नाही.

जंगलातला अंधार, उन्हाविरुद्धचा पक्षी, धुकं, फ्लॅश, सगळ्यांवर बोलू या.

शेवरी

फार गरजेचा धागा. माझा प्रश्न जंगलाचाच. दाट झाडीखाली नाचण किंवा दयाळ दिसतो तेव्हा एफ/६.३ च्या लेन्सवर शटर १/६० वर येतं आणि फोटो हलतो. आयएसओ ३२०० च्या वर गेलं की नॉइज (दाणे) दिसायला लागतो, म्हणून मी तिथेच थांबवून ठेवते. मग फोटो अंधारा येतो आणि घरी आल्यावर उजळवावा लागतो. यात काही मार्ग आहे का, की अशा जागी कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघावं?

कातळ

@शेवरी, आयएसओ अडवून ठेवण्यानेच तुमचा फोटो बिघडतो आहे, हे ठामपणे सांगतो.

नॉइज मुख्यतः येतो तो कमी प्रकाशामुळे. प्रकाश कणाकणाने सेन्सरवर पडतो. रिमझिम पावसात अंगणात शंभर वाट्या मांडल्या तर एकीत तीन थेंब पडतील, शेजारचीत सात. तासभर मुसळधार कोसळला की सगळ्या जवळजवळ सारख्या भरतात. सेन्सरवर हेच होतं. एखाद्या ठिकाणी सरासरी १०० कण पडत असतील तर साधारण १० कणांचा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडत असतील तर चढउतार १०० कणांचा, म्हणजे १ टक्का. हा चढउतार आपल्याला दाणे म्हणून दिसतो. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडणारे कण कमी होत नाहीत. ते ठरतात शटर आणि अॅपर्चरवर.

आता तुमचं बघा. ३२०० ला अंधारा फोटो काढून नंतर दोन स्टॉप उजळवला, म्हणजे दाणे १२८०० इतकेच आले. उलट बऱ्याच कॅमेऱ्यांवर सावल्यांमध्ये जास्तच खराब दिसतात, रंगांचे डाग पडतात, काळ्यात जांभळट छटा येते. त्यापेक्षा जागेवरच ६४०० किंवा १२८०० ला नीट उजेड घ्या. दाणेदार पण रेखीव फोटो वापरता येतो, हललेला फोटो कशालाच उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट शटरची. बसलेल्या पक्ष्याला १/१००० लागत नाही. नाचण चंचल खरा, पण एक उडी आणि दुसरी उडी यांच्या मध्ये तो क्षणभर गोठल्यासारखा थांबतो, विशेषतः मान वळवून किडा न्याहाळताना. तो क्षण १/१२५ ला सुद्धा मिळतो. १/५०० वरून १/१२५ वर आलात की दोन स्टॉप मिळाले, म्हणजे चौपट प्रकाश. लहान लहान बर्स्ट (बटण दाबून धरून लागोपाठ फोटो) घ्या, बरेच फोटो हलतील, एखादा काचेसारखा स्वच्छ निघेल. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर घालवतं, पक्ष्याची हालचाल नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर उडत्या पक्ष्याला शटर कमी करू नका. उडताना मोठ्या पक्ष्यांना १/१६०० ते १/२०००, वेड्या राघूसारख्यांना १/३२०० तरी लागतंच.

कन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग) असेल तर अंधारात काढून ठेवा. १.४ चा एक स्टॉप खातो, २ चा दोन. आणि कोपर टेकायला झाड, दगड, बीनबॅग काहीतरी शोधा. कॅमेरा खाली ठेवून बघायला अर्थातच ना नाही, पण उजेड कमी आहे एवढ्याच कारणासाठी ठेवू नका.

निळाई

कातळ यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी रंगांबद्दल लिहिते, कारण अंधारात लोकांचं लक्ष फक्त दाण्यांकडे असतं आणि रंगांचं काय झालं ते कुणी बघत नाही.

दाट पानांखालचा उजेड हिरवा असतो. पानांतून गाळून आणि पानांवरून उडून आलेला. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर अशा जागी काढला की त्याची छाती पोपटी दिसते. डोळ्यांना तिथे उभं असताना हे जाणवत नाही, मेंदू दुरुस्त करून घेतो. म्हणून रॉ मध्येच (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणारी फाइल) काढा आणि नंतर व्हाइट बॅलन्समध्ये (रंगछटेच्या दुरुस्तीत) किरमिजीकडे थोडं सरकवा. थोडंच. पूर्ण घालवलात तर जंगल स्टुडिओसारखं दिसतं. पहाटेच्या निळसर उजेडाचंही तेच, मी त्यातला थोडा निळेपणा मुद्दाम ठेवते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. खंड्याच्या पाठीच्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश जास्त परततो, म्हणून ते निळं. ती रचना अशी असते की बऱ्याच कोनांतून निळाच दिसतो. त्यामुळे खंड्याला ढगाळ हवा फार मानवते, सगळीकडून सारखा मऊ उजेड येतो आणि निळा गडद, भरीव उतरतो. कडक उन्हात त्याच पाठीवर पांढरट चमक येते.

जांभळ्या शिंजीराचं नेमकं उलटं. त्याची चमक कोनावर अवलंबून असते. सूर्य तुमच्या पाठीमागे आणि शिंजीर तुमच्याकडे वळलेला असला तर गळ्यावर जांभळं-निळं तेज पेटतं. त्याने मान जराशी फिरवली की तोच पक्षी कोळशासारखा काळा. इथे एक्स्पोजर वाढवून काही मिळत नाही, कारण रंग त्या कोनात तुमच्याकडे येतच नाही. जागा बदलायची, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि मान वळण्याची वाट बघायची, एवढंच. माझ्याकडे एका शिंजीराचे लागोपाठचे दोन फोटो आहेत, आकडे तेच, फांदी तीच. एकात नुसती काळी आकृती, दुसऱ्यात गळ्याची प्रत्येक पिसाची कड वेगळी चमकते आहे आणि काखेतला नारिंगी झुपकाही दिसतो.

लाल पक्ष्यांबद्दल एक सूचना. निखार नराचा फोटो काढताना साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघू नका, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्रित आलेख ठीक दिसत असतो आणि लाल तेवढा उजव्या भिंतीला जाऊन कापलेला असतो. मग छातीवर पिसंच दिसत नाहीत, कुंकवाचा सपाट ठिपका दिसतो.

तिठा

धागाकर्त्याच्या मॅन्युअलबद्दल वेगळं मत नोंदवतो. ऊन स्थिर असेल तर ठीक आहे. पण ढग ये-जा करत असतील किंवा पक्षी ऊन-सावलीत भटकत असेल तर आकडे बदलेपर्यंत पक्षी गेलेला असतो. मी शटर आणि अॅपर्चर हाताने ठरवतो, आयएसओ ऑटोवर सोडतो आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अंगठ्याशी ठेवतो. कोतवाल आभाळासमोर बसला की +१ १/३, झाडीसमोर आला की शून्याखाली. बोटांना सवय झाली की विचार करावा लागत नाही.

पहाटेचं तर विचारूच नका. सूर्योदयाच्या आगेमागे अर्ध्या तासात उजेड कित्येक स्टॉपनी बदलतो. तिथे ठरवून ठेवलेलं मॅन्युअल लगेच जुनं होतं.

पाणथळ

@तिठा, मान्य. मी दोन्ही वापरतो, आणि निवडताना एकच प्रश्न विचारतो: आत्ता जास्त वेगाने काय बदलतंय, उजेड की पार्श्वभूमी? उजेड बदलत असेल तर तुमची पद्धत. पार्श्वभूमी बदलत असेल, म्हणजे मोकळ्या उन्हात उडणारे शेकाटे कधी पाण्यावर, कधी वेतावर, कधी आभाळात, तर मॅन्युअल. बटणाला हे नेमून ठेवता येतं, दोन्ही पद्धती एका दाबावर मिळतात.

पूर्ण काळ्या पक्ष्याबद्दल थोडं. पाणकावळा उन्हात पंख पसरून बसला की लोक तो उजळवतात आणि तो तपकिरी-राखाडी होतो. काळा काळाच राहू द्यावा. पिसांच्या कडा आणि डोळा दिसला की पुरे.

सांजसकाळ

उन्हाविरुद्धच्या फोटोंबद्दल लिहितो, कारण "सूर्य नेहमी पाठीशी" हा सल्ला मला अर्धवट वाटतो.

सूर्य समोर असेल तर आधी ठरवा की तुम्हाला आकृती हवी आहे की कड. दोन्हींचं एक्स्पोजर वेगळं. आकृती हवी असेल तर आभाळ मोजा आणि पक्षी काळा होऊ द्या. मग रंग, पिसं काही उरत नाही, फक्त बाह्यरेषा बोलते. म्हणून पक्षी बाजूने दिसला पाहिजे. चोच सुटी, पाय सुटे, दोन पक्षी असतील तर त्यांच्यामध्ये आभाळाची फट. समोरून बघणारा पक्षी काळा केला की नुसता गोळा दिसतो. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ चित्रं घेतली, ती उडणाऱ्या पक्ष्यांची. तेव्हाच्या संथ रसायनांवर उजळ आभाळासमोर पक्षी काळेच उमटायचे, तरी पंख कसे वरखाली होतात ते त्यांतून कळलं. आकृतीत एवढी ताकद असते.

कड हवी असेल तर पार्श्वभूमी काळोखी शोधा. डोंगराची सावली, झाडांची रांग. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर, मागे आणि वर. मग पक्ष्याच्या डोक्यावरच्या बारीक पिसांची सोनेरी रेघ उमटते. इथे −१ च्या आसपास ठेवतो, नाहीतर रेघच जळते. लेन्सचा हूड लावलेला हवाच, पुढच्या काचेवर धूळ असेल तर सगळा फोटो पांढुरका होतो.

आणि कळकळीने सांगतो: आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून मोठी लेन्स लावून सूर्याकडे कधीही बघू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) डोळा वाचतो, पण लेन्स सूर्यावर रोखून ठेवली तर सेन्सर आणि शटरचे पडदे जळू शकतात.

माळरान

दुपारच्या उन्हाची वेगळीच गंमत आहे आणि बरेच जण तिथे लेन्सला दोष देतात. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. थंड-गरम थरांतून प्रकाश वाकत येतो आणि दूरचा पक्षी मऊ, वितळल्यासारखा दिसतो. शटर १/४००० करा, तिपाई लावा, फोकस शंभरदा तपासा, फरक पडत नाही. लेन्स जितकी मोठी आणि पक्षी जितका लांब तितकं हे जास्त जाणवतं. उपाय दोनच: पक्ष्याच्या जवळ असणे किंवा जमीन तापायच्या आत येणे. थंडीत गाडीच्या काचेतून लेन्स बाहेर काढून आत हीटर चालू ठेवला तरी हाच प्रकार होतो, खिडकीतून बाहेर जाणारी गरम हवा आडवी येते.

धुक्यात उलट. तिथे उजेड मऊ असतो, कॉन्ट्रास्ट जातो. मीटर धुक्याला करडं करतो म्हणून +२/३ ते +१. जवळचा पक्षी, मागे विरत गेलेली झाडं, असा फोटो धुक्याशिवाय मिळत नाही. लांबच्या पक्ष्याचा नाद सोडावा.

तिठा

धुक्यावरून फोकस आठवला. ऑटोफोकसला कडा लागतात. अंधारात किंवा धुक्यात कडा पुसट झाल्या की तो पुढेमागे शोधत बसतो. अशा वेळी एकच बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यापेक्षा छातीच्या कडेवर ठेवतो, जिथे गडद-फिकट भेटतात. लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारा खटका असतो, तो लावला की फोकस नाकासमोरच्या फांदीपर्यंत पळत येत नाही. डोळा ओळखणारी यंत्रणा चांगल्या उजेडात अप्रतिम, पण झाडीतल्या कवडशांना ती डोळा समजते. तिथे बंद करतो.

शेवरी

कातळ, तुमचं ऐकून मर्यादा १२८०० केली आणि १/१६० ला लहान बर्स्ट घेतले. नाचणाच्या शेपटीचा पंखा टोकांना थोडा हललाय, पण डोळा आणि भुवई एकदम रेखीव! शेपटी हललेली मला तर आवडली.

फ्लॅशचं काय? निदान रातव्यासाठी, पिंगळ्यासाठी?

कवडसा

फ्लॅशवर मला बोलायचंच होतं. निशाचर पक्ष्याची बाहुली रात्री पूर्ण उघडी असते, तेवढ्यात तोंडावर झगमगाट मारायचा हे मला पटत नाही. फोटोही चांगला येत नाही. रातव्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, लेन्सच्या जवळून फ्लॅश मारला की डोळ्यांच्या जागी दोन पेटलेले गोळे दिसतात. पिंगळा तर दिवेलागणीला, आभाळात अजून उजेड असताना बाहेर येऊन बसतो. त्या उजेडात १/३० ला टेकू देऊन मिळतो. बसलेला पिंगळा पुतळ्यासारखा स्थिर असतो.

घरट्याजवळ तर फ्लॅशच काय, आपणही नको. याहून वाईट एक प्रकार बघितला आहे. उजेड आत यावा म्हणून घरट्यासमोरची पानं बांधून बाजूला करतात, फांद्या तोडतात. ती पानं म्हणजे पिलांची सावली आणि आडोसा. ती गेली की पिलं उन्हात भाजतात आणि कावळ्यांना, सापांना वाट मोकळी होते. असा फोटो कितीही स्वच्छ आला तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही. कृपया कुणी हे करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

सांजसकाळ

घरट्यावरून एरिक हॉस्किंग आठवले. ब्रिटनमधले नावाजलेले पक्षी-छायाचित्रकार. १९३७ मध्ये घरट्याजवळच्या लपणाकडे अंधारात जाताना एका घुबडाने हल्ला केला, त्यात त्यांचा डावा डोळा गेला. पुढची कित्येक दशकं त्यांनी एका डोळ्याने पक्षीच टिपले. पिलं असलेला पक्षी किती जीव तोडून राखण करतो, ते यातून कळतं.

दिवसाच्या फ्लॅशला मात्र सरसकट नाही म्हणवत नाही. मोठ्या झाडावरच्या पक्ष्याच्या पोटाखाली सावली असते, तिथे −२ वर ठेवलेला हलका फ्लॅश डोळ्यात ठिपका आणतो. पक्षी दचकला तर लगेच बंद. फ्लॅशपुढे प्रकाश लांब फेकणारं भिंग लावत असाल तर एक धोका ध्यानात ठेवा: ते उन्हात उघडं राहिलं तर सूर्यकिरण आत एकवटून फ्लॅशचं प्लॅस्टिक वितळतं.

कातळ

नॉइज घालवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल कुणी लिहिलं नाही. मी वापरतो, फार उपयोगी आहेत. पण जोर पूर्ण लावला की ती पिसं स्वतः रचतात. जिथे फक्त दाणे होते तिथे सुबक, समांतर रेघा येतात. वटवट्यांसारख्या पक्ष्यांची ओळखच छातीवरच्या रेघा आणि भुवईच्या छटेवर ठरते. तिथे सॉफ्टवेअरने काढलेली रेघ म्हणजे चुकीची नोंद. ओळखीसाठी फोटो देताना मूळ फाइल सोबत द्या. आणि पार्श्वभूमीवर जास्त, पक्ष्यावर कमी, असं वेगवेगळं लावा.

शेवरी

शेवटचा प्रश्न. दयाळ, काळा-पांढरा, भर अकराच्या उन्हात. काळं दिसावं म्हणून वाढवलं तर पंखावरचा पांढरा पट्टा जळतो, कमी केलं तर डोळा काळ्यात बुडतो. दोन्हींतलं कुठलं सोडू?

पाणथळ

पांढरा सोडू नका. पट्ट्यातली पिसं दिसतील इतकं कमी करा, जळालेला भाग दाखवणारा चमकणारा इशारा पट्ट्यावर नुकता लागायला लागेल तिथे थांबा. हा इशारा कॅमेरा जेपेगवरून देतो, रॉ मध्ये थोडी जागा शिल्लक असते. मग काळा भाग रॉ मधून दीड-दोन स्टॉप वर उचला. आयएसओ कमी असल्याने तो उचलणं सोसतं, भर उन्हाचा हा एकच फायदा.

डोळ्यासाठी मात्र सॉफ्टवेअर नको, वाट बघा. दयाळ गाताना चोच वर करतो आणि मान सूर्याकडे जाते. त्या वेळी डोळ्यात उन्हाचा ठिपका येतो आणि काळ्यातून डोळा सुटा होतो. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन पावलं सरकून ऊन त्याच्या चेहऱ्यावर येईल अशी जागा धरा. गाणारा नर त्याच त्या शेंड्यावर परत येऊन बसतो, तेव्हा जागा आधी धरून ठेवता येते. आणि जमलं तर त्यालाच सकाळी साडेसातला गाठा.